तुरेवाल्या निवडुंगांची कलमे : वरुड तालुक्यातल्या कामाच्या नोंदी

ज्या निवडुंगांच्या शेंड्याची वाढ एका टोकावर न राहता आडवी पसरते आणि तिची कड बनते, त्यांना तुरेवाले किंवा क्रेस्टेड म्हणतात. अशी झाडे आमच्याकडे हौसेने विकत आणली जातात आणि बहुतेक पहिल्याच पावसाळ्यात बुडाशी सडतात. इथल्याच खुंटांवर, म्हणजे मुळे धरलेल्या खालच्या खोडांवर, त्यांची कलमे करून ती आमच्या उन्हापावसात टिकवता येतात का, हे पाहण्यासाठी हे काम हाती घेतले आहे. हेच काम करू इच्छिणाऱ्यांच्या उपयोगासाठी काय बिघडले, काय दुरुस्त केले आणि खर्च कुठे झाला, ते तारखेनिशी लिहीत आहे.

८ जानेवारी

मातृरोपे नागपूरहून आणली. मॅमिलेरिया इलोंगाटा, मायर्टिलोकॅक्टस जिओमेट्रिझान्स आणि युफोर्बिया लॅक्टिआ या तिघांचे तुरे, सेरियस या उंच कॅक्टसचा मॉन्स्ट्रोज म्हणजे गाठाळ वाढीचा प्रकार आणि लाल जिम्नोकॅलिशियम एवढी ही रोपे असून प्रवासखर्च धरून दोन हजार आठशे रुपये लागले.

सगळी रोपे निव्वळ कोकोपीटमध्ये होती. कोकोपीट ओले असेपर्यंत मुळांशी ओल धरून ठेवते आणि एकदा पूर्ण वाळले की वरून टाकलेले पाणी बाजूने निघून जाते, त्यामुळे ते धुऊन काढले. नवे मिश्रण खदानीच्या चुरीचे आहे. चुरी चाळून बारीक भुकटी फेकून दिली, तिच्यात विटांचे बारीक तुकडे आणि पूर्ण कुजलेले थोडे शेणखत मिसळले. आपली काळी माती मात्र मूठभरही घालू नये. ती ओलाव्याने फुगते, वाळली की भेगाळते आणि या झाडांची बारीक मुळे त्या ओढाताणीत तुटतात.

मॅमिलेरियाची कड भिंगाखाली पाहिली. साध्या खोडाच्या शेंड्यावर पांढऱ्या लोकरीचा एक ठिपका असतो. इथे तोच ठिपका ताणला जाऊन लोकरीची नागमोडी रेघ झालेली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना अजून मऊ असलेले पिवळे काटे एकमेकांना खेटून उभे आहेत. कडेची लांबी तिच्या खालच्या भागापेक्षा वेगाने वाढते, तिला जागा पुरत नाही आणि म्हणून ती वळ्या घेत जाते. अंगणातल्या कोंबडा या फुलाचा तुराही असाच बनतो. कोंबड्याचा हा गुण बियांतून उतरतो. निवडुंगाच्या तुऱ्यासाठी मात्र तुकडा रुजवणे किंवा कलम करणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

मॉन्स्ट्रोज प्रकारात अशी सलग कड नसते. तिथे वाढीची टोके जागोजागी फुटतात, खोडावरच्या उभ्या धारा तुटतात आणि खोड गाठाळ होते. मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्नियातल्या लोफोसेरियस शॉट्टीचा मॉन्स्ट्रोज प्रकार तर धारा आणि काटे जवळजवळ गमावून बसला असून तुटून पडलेल्या खोडांपासूनच वाढत आला आहे. कलम करणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवावा. मॉन्स्ट्रोजचा जिवंत डोळा असलेला कोणताही तुकडा चालतो, तुऱ्याच्या तुकड्यावर मात्र कड असलीच पाहिजे. कड नसलेला तुकडा जगला तरी त्याच्या बाजूच्या डोळ्यांतून बहुधा साधेच फुटवे येतात.

२३ जानेवारी

खुंटांची जमवाजमव केली. ज्यांना आपण सरसकट निवडुंग म्हणतो त्यांत कॅक्टस आणि युफोर्बिया अशी दोन वेगळी कुळे आहेत आणि एका कुळाचे कलम दुसऱ्यावर लागत नाही. चीर दिल्यावर पांढरे दूध आले तर युफोर्बिया, ही खूण बहुतांशी बरोबर आहे. परंतु मॅमिलेरियाच्या काही जातींतूनही दूध निघते, म्हणून काट्यांची ठेवणही पाहावी. कॅक्टसचे काटे लोकरीच्या लहानशा उशीतून पुंजक्याने निघतात, युफोर्बियाला अशी उशी नसते.

थोर हाही युफोर्बियाच, म्हणून लॅक्टिआसाठी धुऱ्यावरच्या थोराच्या फांद्या आणल्या, अंगठ्याहून थोड्या जाड. कॅक्टसांसाठी ड्रॅगन फ्रूटच्या छाटणीतल्या कांड्या एका शेतकऱ्याने फुकट दिल्या आणि जुन्या बंगल्याच्या आवारातल्या उंच सेरियसच्या फांद्या मागून घेतल्या. कुंपणाचा फड्या निवडुंगही खुंट म्हणून विचारात होता, परंतु त्याच्या पानांसारख्या चपट्या खोडांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. त्यातला एक बोटाने चिरडताच बोट गर्द किरमिजी झाले. ही कोचिनियल कीड असून ती कॅक्टसांचाच रस शोषते. ती घरात आणायची नव्हती, म्हणून फड्याचा विचार सोडला.

कापलेल्या कांड्या सावलीत आठवडाभर सुकवून मगच चुरीत खोचल्या. या दिवसांत रात्रीची थंडी असल्याने मुळे फार हळू धरतात. आमच्या भागात ड्रॅगन फ्रूटच्या कांड्या ऑक्टोबरातच रुजत घालाव्यात. माझा महिनाभराचा वेळ इथे गेला.

६ फेब्रुवारी

कुंड्यांजवळच्या कलांचो या शोभेच्या झाडाच्या शेंड्याची पाने अरुंद होऊन पिळली आणि एकमेकांना चिकटली. पाहणाऱ्यांना वाटले की यालाही तुरा येतो आहे. प्रत्यक्षात लगतच्या गव्हात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी फवारले होते आणि वाऱ्याबरोबर त्याचा अंश इकडे आला होता. कपाशीला हेच औषध लागले की पाने भेंडीच्या पानांसारखी होतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगले माहीत आहे. औषधाने झालेली ही विकृती पुढच्या फुटीत निघून जाते. त्यामुळे कोणत्याही झाडावर वेडीवाकडी वाढ दिसली तर निदान दोन नव्या फुटी येईपर्यंत थांबावे आणि मगच ती जपायची की नाही ते ठरवावे. उजेड कमी पडल्याने लांबलेला फिकट शेंडा किंवा मॅमिलेरियाच्या काही जातींत एका डोक्याची होणारी दोन डोकी यांनाही तुरा समजू नये. काही जातींत डोके दुभंगणे हा जातीचा स्वभावच असतो.

१९ फेब्रुवारी

थंडी ओसरली आणि खुंटांच्या शेंड्यांवर नवी हिरवी वाढ दिसू लागली, म्हणून कॅक्टसची कलमे सुरू केली. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधण्यात आयुष्य गेलेले एक काका मदतीला आले. त्यांनी खुंट हातात फिरवून पाहिला आणि विचारले, “याले साल तं सुटतच नाई, मंग डोळा बसवतं कुठी?” त्यांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. संत्र्यात सालीखालचा थर थराला भिडतो. कॅक्टसचे खोड आडवे कापले की गराच्या मध्यभागी रसवाहिन्यांचे फिकट कडे दिसते, आणि वरच्या तुकड्याचे कडे खालच्या कड्याला कुठेतरी भिडले तरच कलम लागते.

साध्या खोडात दोन्ही कडी गोल असतात. तुऱ्यातले कडे गोल नसून लांबट, चपटे असते, आणि नवशिक्याचे कलम बहुधा इथेच फसते. तुकडा दिसायला मधोमध ठेवला तरी त्याची चपटी पट्टी खुंटाच्या कड्याच्या आतल्या पोकळीत बसू शकते आणि मग रसवाहिन्या एकमेकींना भेटतच नाहीत. पट्टी खुंटाच्या कड्याला आरपार ओलांडून जाईल अशी ठेवली की दोन ठिकाणी हमखास भेट होते.

कामाची पद्धत अशी ठेवली. पाते प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसायचे. खुंट कोवळ्या भागात कापून वर एक पातळ चकती तशीच ठेवायची, म्हणजे वरचा तुकडा तयार होईपर्यंत काप सुकत नाही. तुकडा कापला की चकती सरकवून काढायची, तुकडा बाजूने घसरवत जागेवर आणायचा म्हणजे मधली हवा निघते, आणि कुंडीच्या बुडाखालून दोन रबरबँड आडवे-उभे घालून दाब द्यायचा. रबरबँड थेट कडेवर येऊ देऊ नये. तिथली लोकर दबली की कडेचा तेवढा भाग काळा पडतो आणि तुरा तिथे कायमचा तुटतो. मी कडेवर स्पंजची घडी ठेवून वरून रबरबँड घातले.

१ मार्च

ड्रॅगन फ्रूटवरची मॅमिलेरियाची काही कलमे रबरबँड काढताच सुटून हातात आली. खुंटाचा काप मध्ये खोल गेला होता. कारण असे की खुंटाच्या धारांची साल घट्ट असते, आतला गर सुकून आकसतो, साल मात्र तेवढी आकसत नाही आणि मधला भाग वाटीसारखा खाली ओढला जातो. उपाय सोपा आहे: काप घेतल्यावर तिन्ही धारांच्या कडा पेन्सिलीला टोक काढतात तशा उतरत्या छाटायच्या, म्हणजे रसवाहिन्यांचे कडे सगळ्यांत उंच राहते. तेच खुंट थोडे खाली कापून, धारा छाटून कलमे पुन्हा बांधली. सुटलेले तुकडे वाया गेले नाहीत, त्यांच्या खालच्या बाजूची पातळ चकती काढून तेच पुन्हा वापरता आले. सेरियसचे खोड जाड आणि टणक असल्याने त्यावर हा त्रास कमी झाला, तरी धारा तिथेही छाटाव्यात.

६ मार्च

थोरावर लॅक्टिआचे तुरे बांधले. इथे सगळी अडचण दुधाची आहे. काप घेताच दूध झरू लागते, थोड्याच वेळात त्याचा रबरासारखा पापुद्रा बनतो आणि तो मध्ये राहिला तर दोन्ही बाजू एकमेकींना कधीच मिळत नाहीत. दोन्ही काप वाहत्या पाण्याखाली दूध थांबेपर्यंत धरले, स्वच्छ कापडाने टिपले आणि लगेच जोडले. जोड पाचरीचा ठेवला. खुंटाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, तुऱ्याच्या बुडाला तशीच पाचर, आणि वरून संत्र्याच्या कलमांना वापरतात ती प्लॅस्टिकची पट्टी गच्च गुंडाळली. पट्टी बांधण्यात काकांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार चालला.

हातमोजे आणि चष्मा यांशिवाय हे काम कोणीही करू नये. थोराचे दूध डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होते आणि दृष्टी काही काळ जाऊ शकते. तसे झालेच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये आणि डॉक्टरांकडे जावे. पाणी धरायला दुसरा माणूस सोबत असल्याशिवाय मी सुरुवात केली नाही.

११ एप्रिल

लॅक्टिआची कलमे महिनाभर हिरवीगार आणि टवटवीत दिसत होती, म्हणून ती लागली असे धरून चाललो होतो. पट्टी सोडून हलकेच हलवल्यावर काही तुरे डुगडुगले, आणि उचलून पाहिले तर मध्ये तोच पिवळट पापुद्रा. मांसल झाडांत हा धोका मोठा आहे: तुकड्यातच पाण्याचा साठा असल्याने तो जोडाशिवायही कित्येक आठवडे ताजा दिसतो. हिरवेपणावर विसंबू नये. कडेवर नवी कोवळी वाढ दिसणे ही एकच खरी खूण आहे. कॅक्टसमध्ये नवे काटे फिकट रंगाचे आणि मऊ असतात, लॅक्टिआत कडेवर इवली पाने उमटून गळतात. या गैरसमजात कलमांचा चांगला हंगाम हातचा गेला, कारण आता ऊन वाढले आहे आणि पुन्हा बांधणे शक्य नाही.

जी लागली ती मात्र जोमात आहेत. सेरियसवरच्या मायर्टिलोकॅक्टसची निळसर कड एका बाजूने खुंटाबाहेर झुकू लागली आहे.

२० मे

पारा ४५ च्या आसपास आहे. एप्रिलअखेर बांबू आणि ५० टक्क्यांची शेडनेट मिळून साडेतीन हजार रुपये खर्च केले होते, तरी तेवढी सावली मेमध्ये पुरली नाही. दुपारच्या बाजूला दुसरी नेट दुहेरी टाकावी लागली. ड्रॅगन फ्रूटचे खुंट पश्चिमेकडून पिवळे पडले आणि एक-दोन ठिकाणी गर भाजून पांढरट झाला. सेरियस आणि थोर यांना काही झाले नाही. आमच्या उन्हाला टिकणारा खुंट कोणता, याचा निकाल माझ्या मते याच महिन्यात लागला.

पाण्याबद्दल विशेष सांगायचे आहे. ही झाडे दिवसा रंध्रे मिटून ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा घेतात. मेमध्ये रात्रही तापलेली राहते, त्यामुळे झाडाचे काम जवळजवळ थांबते आणि दिलेले पाणी मुळांशी तसेच उरते. सुरकुतलेला तुरा पाहून पाणी देण्याचा मोह होतो, तो आवरावा. अंधार पडल्यावर कुंडीच्या काठाने थोडेसे, तेही पंधरवड्याने, एवढेच दिले. बोअरच्या पाण्याने वळ्यांत पांढरे क्षार साचतात, म्हणून वरून पाणी कधीच घालत नाही.

२१ जून

पावसाआधी शेडवर पारदर्शक प्लॅस्टिकचे छत टाकले, बाजू मोकळ्या ठेवल्या. खर्च बाराशे रुपये. तुऱ्याच्या वळ्यांत साचलेले पाणी साध्या खोडावरच्या पाण्यासारखे ओघळून जात नाही, त्यामुळे छत नसेल तर बाकीची सगळी मेहनत फुकट जाते.

३० जुलै

झड लागून बरेच दिवस झाले आणि हवेत कायम दमटपणा आहे. तुलनेसाठी मॅमिलेरियाचा एक तुरा त्याच्याच मुळांवर ठेवला होता, तो छताखाली असूनही बुडाशी मऊ पडला. त्याच्या शेजारची, खुंटावर चढवलेली भावंडे ठणठणीत आहेत, कारण त्यांचे बूड मातीपासून वीतभर उंच, वाऱ्यावर आहे.

सडलेला तुरा कापून पाहिला. गराचा रंग बुडाशी तपकिरी, त्यावर नारिंगी छटा, आणि रसवाहिन्यांतून ही छटा निरोगी दिसणाऱ्या भागातही बोटभर वर गेलेली. पाते दरवेळी पुसून चकत्या काढत गेलो आणि कड्यात एकही डाग दिसेनासा झाल्यावर थांबलो. डागाचा एक ठिपका राहिला तरी तो कलमासह खुंटही घेऊन जातो. हाताशी आलेला कडेचा तुकडा गंधकाची भुकटी न लावता थेट सेरियसवर चढवला. भुकटी जोडाच्या आड येते, ती फक्त उघड्या राहणाऱ्या कापांना लावावी. पावसाळ्यात कलम करू नये हे खरे, परंतु इथे दुसरा मार्गच नव्हता.

१८ ऑगस्ट

मॅमिलेरियाच्या तुऱ्यातून साधी, बोटासारखी खोडे निघाली. ती एकाच टोकाने वाढत असल्याने कडेपेक्षा जोरात वाढतात, रस स्वतःकडे ओढतात, आणि दुर्लक्ष केले तर वर्षभरात तुरा त्यांच्याखाली झाकून जातो. दिसताक्षणी ती अगदी बुडातून, गराचा थोडा भाग घेऊन काढावीत. वरवर खुडली तर राहिलेल्या डोळ्यांतून अनेक फुटतात. खुंटाच्या धारांवरचे फुटवेही त्याच वेळी काढले. काढलेली बोटे फेकली नाहीत, ती रुजवली की साधी पण चांगली मॅमिलेरिया मिळते.

१२ सप्टेंबर

वळ्यांच्या आत पिठ्या ढेकूण आढळला. वरून काहीच दिसत नव्हते, कुंडीवर चढणाऱ्या मुंग्यांच्या रांगेवरून शंका आली. फवारणी घडीच्या तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून चित्रकलेच्या बारीक ब्रशने स्पिरिट एकेका घडीत घातले आणि आठवड्याने पुन्हा तेच केले. हे काम संध्याकाळी करावे. स्पिरिट लावलेल्या भागावर ऊन पडले तर डाग उठतात.

१४ ऑक्टोबर

पाऊस थांबला, रात्रीचा उकाडा उतरू लागला आणि सर्व कडांवर नवी वाढ आहे, त्यामुळे दुसरा हंगाम सुरू केला. मार्चमध्ये फसलेली लॅक्टिआची कलमे नव्या थोरावर बांधली. या वेळी पाचरीऐवजी सपाट काप ठेवला. सपाट कापाचे दूध धुणे सोपे जाते आणि पापुद्रा राहिला आहे का ते डोळ्यांना दिसते. माझी पसंती आता यालाच आहे.

लाल जिम्नोकॅलिशियमचा मूळ खुंट पिचत चालला होता. १९४१ च्या सुमारास जपानमध्ये बियांच्या रोपांतून निवडलेल्या या लाल प्रकारात हरितद्रव्य नसते. त्याचा लाल रंग बीटच्या कंदाला लाल करणाऱ्या रंगद्रव्यांच्याच गटातला आहे. स्वतःचे अन्न तयार करता येत नसल्याने तो आयुष्यभर खुंटावर अवलंबून असतो. बाजारात येणारा त्याचा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचाच असतो. त्याला चिकटलेली लहान पिल्ले सोडवून सेरियसवर चढवली, आणि खुंटाची हिरवी उंची मुद्दाम जास्त ठेवली, कारण वरच्याला पोसायचे काम तेवढ्या हिरव्या भागालाच करायचे आहे.

१७ नोव्हेंबर

ऑक्टोबरातल्या सपाट कापाच्या लॅक्टिआवर इवली पाने दिसली, म्हणजे ती कलमे लागली. सातपुड्याकडून गार वारा सुरू झाला असून ड्रॅगन फ्रूटच्या खुंटांवर तांबूस ठिपके येऊ लागले आहेत. मे महिना आणि थंडी अशा दोन्ही टोकांना तो खुंट आमच्याकडे कच्चा ठरतो. लहान तुकडा लवकर जाड करून घ्यायचा असेल तर त्याच्यासारखा वेगवान खुंट नाही, परंतु वर्षभरात तिथून उतरवून सेरियसवर बदली करावीच लागते. लॅक्टिआसाठी थोर, कॅक्टसच्या तुऱ्यांसाठी सेरियस, आणि बांधणीसाठी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर व पुन्हा ऑक्टोबर हा महिना, असे मी माझ्यापुरते नक्की केले आहे.

रोपे, नेट, छत, पाती, पट्ट्या, चुरी आणि वाहतूक मिळून खर्च साडेआठ हजारांच्या पुढे गेला. यातले नेट आणि बांबू पुढेही चालतील. सेरियसच्या नव्या कांड्या ऑक्टोबरातच रुजत घातल्या होत्या, त्यांना मुळे धरली आहेत. डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद ठेवून फेब्रुवारीत त्यांवर मायर्टिलोकॅक्टसची झुकलेली कड तुकडे करून चढवायची आहे.